ताशावाली सांबा बँडमधे गेली तर आधी काय धरावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पुण्याची, सात वर्षं पथकात ताशा वाजवलाय, आता शिकायला जर्मनीत आलीये आणि कॉलेजजवळ दर मंगळवारी प्रॅक्टिस करणाऱ्या एका सांबा (ब्राझीलमधलं मिरवणुकीचं संगीत) बँडमधे जायला लागलीये. हात भरभर चालतो हे बघून त्यांनी पहिल्याच दिवशी तिच्या हातात तांबोरिम, म्हणजे एका काठीनं वाजवायचं छोटं वाद्य, दिलं, पण तीन महिने झाले तरी डायरेक्टर सारखा सांगतो की तू पुढे पळतेस. तिला विचारायचंय की काइशा घेऊ का, कारण तो ताशासारखा दिसतो, आणि तो स्विंग म्हणतात तो कसा येतो, शिवाय विकत काय घ्यायचं आणि खांदा दुखतो तो सगळ्यांचाच दुखतो का.

ताई म्हणून विचारलंयस म्हणून सरळ तू म्हणूनच लिहिते. मी इंग्लंडमधे 12 वर्षं बातेरियात, म्हणजे सांबाच्या वादकांच्या ताफ्यात, वाजवतेय, त्यातली पहिली चार नुसता सुर्दो, म्हणजे तिथला मोठा ढोल, आणि त्याआधी मीही पथकातच होते, ढोलावर. तुला जे होतंय ते मलाही झालंय, आणि आपल्याकडून आलेल्या अजून दोघातिघांनाही झालेलं मी बघितलंय, त्यामुळे मी उत्तर आधीच देऊन टाकते: काइशा घेऊ नकोस, तांबोरिमही सध्या बाजूला ठेव, आणि डायरेक्टरला सांग की मला सहा महिने दुसरा सुर्दो द्या. तुला वाटेल हे काय, इतकी वर्षं काड्या चालवल्या आणि आता एका मोठ्या पिंपावर एकेक ठोका मारत बसू? हो, तेच कर, कारण तुझा प्रॉब्लेम हाताचा नाहीच, तुझ्या अंगातली सम चुकीच्या जागी आहे.

आपलं कसं असतं, तबला घे, ढोलकी घे, पथकातला कुठलाही हात, म्हणजे ठरलेला ठेका घे, वजन समेवर पडतं, म्हणजे एकवर. पथकात अख्खे पन्नास ढोल एकवर कोसळतात तेव्हा छातीत जे होतं ते तुला माहितीये. सांबा दोनाच्या चालीत चालतो, एक दोन एक दोन, आणि त्यातला सगळ्यात जड, सगळ्यात खालच्या आवाजाचा ठोका दोनवर पडतो. तो वाजवतो तो पहिला सुर्दो, प्रिमेइरा. एकवर जो वाजतो तो दुसरा सुर्दो, सेगुंदा, तो जरा वरच्या आवाजाचा आणि हलका. म्हणजे मोजायला सुरुवात होते तिथे हलका ठोका, आणि जिथे आपण पाय उचलतो तिथे पृथ्वी हलते. आपला कान जड ठोका ऐकला की आपोआप त्याला एक समजतो, मग मोजणी उलटी होते, मग वरचं सगळं एक बीट सरकल्यासारखं वाटतं, आणि ते सावरायला हात पुढे पळतो. तू पळतेस ती इथून पळतेस. काड्यांचा कितीही रियाज केलास तरी हे सुटणार नाही.

सुर्दो म्हणजे पोर्तुगीजमधे बहिरा, तसाच घुमा, दबलेला आवाज. रिओमधे 1920च्या दशकाच्या शेवटी एस्तासिओ नावाच्या वस्तीत हे वाद्य आलं असं मानतात, आणि त्याचं श्रेय आल्सेबियादेस बार्सेलोसला देतात, सगळे त्याला बिदे म्हणायचे. लोण्याचा मोठा पत्र्याचा डबा घेतला, त्याच्या तोंडावर सिमेंटच्या गोणीचा जाड कागद ताणून बसवला आणि झाला ढोल, अशी ती गोष्ट आहे. त्याच वस्तीत 1928 मधे देइशा फालार हा गट निघाला, ज्याला पहिली सांबा स्कूल म्हणतात, स्कूल म्हणजे शाळा नव्हे, कार्निव्हलच्या मिरवणुकीत उतरणारं वस्तीचं मंडळ. मला ही गोष्ट आवडते कारण तिच्यामागे एक खरी अडचण होती. आधीचा सांबा घरात, अंगणात, गोल बसून वाजायचा, पण रस्त्यावर शेकडो माणसं चालत गायला लागली की पुढच्याचा आणि मागच्याचा पाय एकत्र पडणार कसा? त्यासाठी लांबवर जाणारा जड ठोका पाहिजे होता. म्हणजे सुर्दो मुळातच मिरवणुकीसाठी जन्मलेलं वाद्य आहे, आणि पुण्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता तो वाजवायचा कसा हे नीट सांगते, कारण बाहेरून फार सोपं दिसतं. एका हातात मऊ बोंडाची काठी, दुसरा हात मोकळा, आणि खरं काम त्या मोकळ्या हाताचं आहे. काठीनं ठोका मारलास की आवाज सोडायचा, घुमू द्यायचा, आणि पुढच्या बीटला तळहात पानावर सपाट ठेवून तो बंद करायचा. म्हणजे सेगुंदा वाजवताना एकवर ठोका, दोनवर तळहात. नेमकं त्याच दोनवर प्रिमेइराचा ठोका पडतो, तुझा आवाज संपतो तिथे त्याचा सुरू होतो. तू वेळेवर बंद नाही केलंस तर तुझी घूम त्याच्या अंगावर जाते आणि खाली सगळा चिखल होतो. मला हे कळायला आठवडे लागले. आमच्या बँडमधे एक वयस्कर ब्राझिलियन गृहस्थ होते, ते एका प्रॅक्टिसला माझ्या मागे येऊन उभे राहिले, माझा डावा हात मनगटाला धरला आणि पूर्ण एक गाणं होईपर्यंत त्यांनीच तो उचलला आणि ठेवला, मी फक्त उजव्यानं मारत होते. बोलले काहीच नाहीत. गाणं संपलं तेव्हा पहिल्यांदा मला ऐकू आलं की दोन सुर्दो मिळून एकच वाद्य होतं आणि मी त्याचा अर्धा भाग होते.

म्हणूनच सेगुंदा म्हणतेय, प्रिमेइरा नाही. प्रिमेइरावर सगळा बँड उभा असतो, ती नवीन माणसाला कुणी देत नाही आणि देऊही नये. सेगुंदावर तू तुझ्या ओळखीच्या एकवर असतेस, पण रोज, प्रत्येक ठोक्याला, जड आवाज दोनवर येताना ऐकतेस. कान तसाच वळतो. दोन अडीच महिन्यांनी असं होईल की रस्त्यानं चालतानासुद्धा एक पाय हलका आणि दुसरा जड पडतोय असं वाटायला लागेल, तेव्हा समज की काम झालं. घरी करायचा व्यायाम सोपा आहे, उभं राहायचं, डावा उजवा पाय जागेवर चालवायचा, तोंडानं टुम धूम टुम धूम म्हणायचं, धूम खाली पोटातून काढायचा, आणि टाळी फक्त धूमवर. दहा मिनिटं रोज. वेग कमीच ठेव.

तिसरा सुर्दो असतो, तेर्सेइरा, आकारानं सगळ्यात लहान, तो या दोघांच्या मधे कापत जातो, नाचतो आणि शेवटी प्रिमेइराबरोबर दोनवर येऊन पडतो. तो सगळ्यात मजेचा आहे, तुला तो नंतर नक्की आवडेल, पण आत्ता नको.

एक गोष्ट जाता जाता. रिओची मांगेइरा ही फार जुनी सांबा स्कूल, 1928 ची, हिरवा आणि गुलाबी रंग. ते दुसरा सुर्दो वाजवतच नाहीत, त्यांच्याकडे फक्त दोनवरचा जड ठोका, उत्तर द्यायला कुणी नाही, आणि एकवर मोकळी जागा. पहिल्यांदा ऐकलं की जमीन सरकल्यासारखी वाटते आणि दोन आवर्तनांत सवय झाली की दुसरं काही नको वाटतं. मांगेइरा म्हणजे आंब्याचं झाड, आणि तो आंबा पोर्तुगीजांनी आपल्या बाजूनंच तिकडे नेला. मी गावाकडे आईला एवढं सांगितलं तेव्हा ती म्हणाली मग आपलेच की गं ते.

आता काइशा. ताशासारखा दिसतो, दोन काड्या असतात, म्हणून तुला तो जवळचा वाटतोय हे मी समजू शकते. पण ताशाचं पथकात काम काय असतं आठव. ताशा पुढे असतो, तो हात बदलतो, तो उठवतो, ढोल त्याच्या मागे येतात. सांबामधे ते काम काइशाचं नाही, ते रेपिनिकचं, म्हणजे चढ्या आवाजाच्या एका छोट्या ढोलाचं आहे. काइशा सतत वाजत राहते, सगळ्यांच्या मधोमध, एकसारखी, तांदूळ पाखडल्यासारखी सर्र सर्र, आणि तिच्यावरच बाकीचे स्विंग घेतात. तिच्या वरच्या पानावर तारा ताणलेल्या असतात त्यातून तो सर्र येतो. ताशावाल्याच्या हातात ती दिली की हमखास तर्री येते. ठोके दाट होतात, सुंदर होतात, आणि अगदी सरळ, सारखे होतात. तिथेच सांबा मरतो. मी हे रागानं नाही म्हणत, ताशाची तर्री ही मला जगातली फार मोठी गोष्ट वाटते, पण ती इथली नाही.

स्विंगचं असं आहे. एका बीटचे चार तुकडे, आपण तकधिमि म्हणतो तसे. कागदावर ते चार सारखे लिहितात आणि शिकवणारेही कधीकधी तसेच शिकवतात. वाजवताना ते सारखे नसतात. दुसरा आखडतो, आणि चौथा सैल पडतो, पुढच्या एकला टेकायच्या आधी जरा रेंगाळतो. जोर पहिल्यावर आणि चौथ्यावर. त...क्धि..मी असं काहीतरी, लिहून येत नाही ते. आणि खबरदार, याचे तीन तुकडे करून सरळ दादऱ्यासारखं करू नकोस, तेही चूक, ते चार आणि तीनच्या मधे कुठेतरी राहतं. किती आखडायचं हे वेगावर, गावावर आणि स्कूलवर अवलंबून असतं. मेट्रोनोमवर हे येणार नाही, मेट्रोनोम फक्त बीट धरायला वापर, 80 वर (मिनिटाला 80 बीट) लाव आणि वरून तोंडानं म्हण. आधी तोंडात येतं, मग हातात. आपल्याकडे बोल पढंत करून शिकतात ना, तेच इथे शंभर टक्के लागू आहे, आणि या बाबतीत तू त्या युरोपियन मुलांच्या कितीतरी पुढे आहेस, त्यांना तोंडानं म्हणायला लाज वाटते.

तांबोरिमचंही सांगते कारण ते तू सोडून देशील असं मला वाटत नाही. सहा इंचाची छोटी कडी, वर प्लॅस्टिकचं पान, इतकं ताणलेलं की वाटतं फुटेल, झांजा वगैरे काही नाही, आणि बडवायला नायलॉनच्या लवचिक दांड्यांची झाडूसारखी काठी. त्याचा मुख्य हात आहे कारेतेइरो, चार ठोके सलग चालू. त्यातला तिसरा ठोका खालून वर येतो, त्यासाठी तांबोरिम धरलेला हात मनगटातून उलटा फिरवायचा असतो, काठी वर येताना पानाला लागते आणि हात परत सरळ. तू हे करतेस का नीट बघ, आरशासमोर उभी राहून. माझा अंदाज आहे की तू ताशाच्या सवयीनं चारही ठोके वरूनच मारतेस, कारण तुला तेवढा वेग आहे, बाकीच्यांना नाही. तो फिरवायला जो क्षण लागतो ना, त्या क्षणातच तो असमानपणा आपसूक येतो, काठीला तिथे पोचायला वेळ लागतो म्हणून ठोका तिथे पडतो. फिरवणं वगळलंस की चार ठोके सरळ झाले आणि तू बँडच्या पुढे. 90 पासून चालू कर आणि फिरवणं पक्कं होईपर्यंत 110 च्या वर जाऊच नकोस. रिओच्या परेडमधे 130 ते 145 च्या आसपास वाजतं आणि ते पाऊण तासाहून जास्त वेळ, तेव्हा घाईनं कुठेच पोचत नाही.

बाकीच्या वाद्यांवर जास्त लिहीत नाही. शोकाल्यो म्हणजे चौकटीत ओळीनं बसवलेल्या पत्र्याच्या टिकल्या, पुढेमागे हलवायचा, दिसायला खेळणं पण दहा मिनिटांत दंड भरून येतात, आणि बँडमधला सगळ्यात कमी मान मिळणारा आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारा आवाज तोच. अगोगो म्हणजे दोन किंवा चार घंटा एका दांडीवर, आफ्रिकेतल्या योरुबा लोकांकडून गुलामांच्या बरोबर आलेली, आणि रिओत इंपेरिओ सेरानो ही स्कूल त्यासाठी ओळखली जाते. सूर चांगला असेल तर घे, कारण ती चाल वाजवते, नुसता ठेका नाही.

कुईका मात्र सोडून पुढे जाववत नाही. तू ऐकली असशील, कुणीतरी हसतंय, रडतंय, कुत्रं केकाटतंय असा आवाज येतो आणि लोकांना कळतच नाही कुठून येतोय. पानाच्या मधोमध आतल्या बाजूनं बांबूची बारीक काडी बांधलेली असते, हात ढोलाच्या आत घालून ओल्या फडक्यानं ती काडी चोळायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं बाहेरून पान दाबायचं, दाबलं की सूर चढतो. लहानपणी नंदीबैल यायचा तेव्हा नंदीबैलवाला ढोलकं एका बाजूनं वाकड्या काठीनं घासायचा, गुबूगुबू, आठवतं? कुळ तेच, मारण्याऐवजी घासणं. मी पहिल्यांदा कुईका हातात घेतली आणि फडकं ओलं करून काडीवर धरलं तेव्हा आधी काहीच आलं नाही, नुसती ओली खरखर, मग शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं घट्ट धरू नकोस, केळीची साल धरतात तशी धर, आणि पुढच्याच ओढीला आतून असा हुंकार आला की माझ्या हातावरचे केस उभे राहिले. पुढे कधीतरी ही नक्की करून बघ.

रेपिनिक तुझं शेवटचं मुक्कामाचं वाद्य असेल, हे माझं भविष्य. साधारण बारा इंचाचं, वरचं पान खूप चढवलेलं, एका हातात काडी आणि दुसरा हात उघडा. ढोलाला टिपरू आणि थापी लागते, तो मेळ तुझ्या अंगात पथकामुळे आहेच, आणि पुढे राहून उठवायची, बोलावायची सवय ताशामुळे आहे. बँडला आत घ्यायची हाक रेपिनिक देतो, तो चार आठ मात्रांचं काहीतरी बोलतो आणि सगळी बातेरिया एकदम कोसळते. पण ज्याला दोनचं वजन अंगात नाही त्यानं हाक दिली तर सगळा बँड उलटा आत येतो, मी हे भर रस्त्यात झालेलं बघितलंय. म्हणून म्हणतेय सुर्दो आधी.

बीट उलटा होण्याचंही सांगून ठेवते कारण सुर्दोवर गेलीस की हे तुझ्यावर येणारच. आम्ही एका रेल्वेच्या पुलाखालून जात होतो, आत शिरलो आणि भिंतींवरून आवाज इतका परत यायला लागला की मला माझाच ठोका दुसऱ्यांदा ऐकू येत होता, आणि कधीतरी मी सेगुंदावर असून दोनवर गेले. प्रिमेइरावाला माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतेय, दोघं दोनवर एकत्र मारतोय आणि एकची जागा रिकामी. घाबरून मी अर्धा ठोका पटकन सरकवायचा प्रयत्न केला, त्यानं अजून गोंधळ वाढला, मागचे काइशावालेही हलले. करायचं ते एवढंच होतं की हात थांबवायचा, पूर्ण थांबवायचा, चार मात्रा नुसतं पायानं चालायचं, कान प्रिमेइराकडे, आणि परत हळू आत यायचं. एक सुर्दो चार मात्रा गप्प राहिला तर रस्त्यावरच्या कुणालाही कळत नाही. पुलाखाली, बोळात, उंच इमारतींमधे कानावर विश्वास ठेवायचा नाही, डायरेक्टरचा हात आणि प्रिमेइराची काठी बघायची.

डायरेक्टरला तिकडे मेस्त्रे म्हणतात. आपला मेस्त्री, मिस्त्री हा शब्द त्याच पोर्तुगीज शब्दातून आला. तो शिट्टी आणि हाताच्या खुणांनी सगळं चालवतो. खुणा प्रत्येक बँडच्या वेगळ्या असतात, तुमच्या बँडच्या खुणा एका कागदावर काढून घे आणि पाठ कर, नवीन माणूस चुकतो तो वादनात कमी आणि खुणांत जास्त. एक सवय लाव, मान वर. पथकात आपण ढोलाकडे बघत झुलतो, सांबामधे सगळ्यांची नजर मेस्त्रेवर पाहिजे, कारण तो कुठल्याही क्षणी पारादिन्या देऊ शकतो. पारादिन्या म्हणजे सगळा बँड एकदम थांबतो किंवा एखादाच तुकडा वाजवतो आणि परत जागेवर येतो. याचं श्रेय मोसिदाजी स्कूलच्या मेस्त्रे आंद्रेला देतात, 1950च्या दशकाच्या शेवटी. चालताना त्याचा पाय घसरला, बातेरिया गोंधळून थांबली, त्यानं खुणेनं रेपिनिकवाल्याला सांगितलं आणि सगळे परत बरोबर आत आले, लोकांना वाटलं मुद्दाम केलं, अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, आज ही गोष्ट प्रत्येक स्कूल करते. 1997 मधे विरादोरो स्कूलच्या मेस्त्रे जोर्जांवनं परेडच्या मधे रिओचा फंक ठेका घातला आणि त्या वर्षी त्यांनी परेड जिंकली.

आणि हे सगळं परीक्षकांसमोर बरं का. रिओत परेडसाठीचा सांबाद्रोम 1984 मधे बांधला, ऑस्कर निमायरनं, साधारण 700 मीटरचा सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंनी प्रेक्षक. एकेका बातेरियात अडीचशेच्या आसपास माणसं. बातेरिया एका ठिकाणी बाजूच्या मोकळ्या जागेत शिरते, बाकीच्या परेडला पुढे जाऊ देते, सगळा वेळ वाजवत राहते, आणि मग शेपटाला येऊन परत रस्त्यावर लागते. आपल्याकडे चौकात स्थिर वादन करतात आणि मग पुढे सरकतात त्याची आठवण येते, फरक एवढाच की तिथे वेळ चुकली तर गुण जातात, आणि ठेका जरा हलला तरी दशांशात गुण जातात. आणि तिथले वाजवणारे गातात! हे लक्षात ठेव. वाजवता वाजवता सगळं गाणं तोंडपाठ म्हणतात. तू पण म्हण, पोर्तुगीज नाही आली तरी चालेल, गाणाऱ्याचा हात पळत नाही कारण श्वासच त्याला थांबवतो. माझ्या अनुभवात पुढे पळण्यावर याच्याइतकं चांगलं औषध नाही.

एक गोष्ट आधी विचारायला हवी होती, तुमचा बँड नक्की काय वाजवतो? युरोपातले बरेच बँड रिओचा सांबा आणि बाहियाचा सांबा रेगे दोन्ही मिसळून वाजवतात आणि नवीन माणसाला कुणी सांगत नाही की आता गाव बदललं. सांबा रेगे बाहियातल्या सल्वादोर शहराचा, ईले आये हा काळ्या लोकांचा गट 1974 मधे निघाला, ओलोदुम 1979 मधे, आणि नेगिन्यो दो सांबा या माणसानं तो ठेका घडवला. मायकल जॅक्सनच्या 1996 च्या व्हिडिओत सल्वादोरच्या पेलोरिन्यो भागातल्या दगडी रस्त्यावर ढोल हवेत उचलणारे लोक बघितले असशील, ते ओलोदुम. तो बराच संथ, सुर्दो जास्त, प्रत्येकाचं वेगळं वाक्य, आणि अंग झुलवत वाजवायचा, आपल्या पथकातल्या झुलण्याच्या तो जास्त जवळ. तुला त्यात लगेच घरच्यासारखं वाटेल. पण दोन्हीचा स्विंग वेगळा, म्हणून मंगळवारी कुठलं गाणं कुठल्या गावचं आहे ते विचार आणि वेगळं ठेव.

आता खरेदी. मोठं काहीही विकत घेऊ नकोस. सुर्दो बँडचाच असतो, घरात ठेवायला जागा नसते आणि जर्मनीत भाड्याच्या घरात शेजारी पाच मिनिटांत दार वाजवतील. पहिल्या महिन्यात एकच गोष्ट घे, कानातले चांगले फिल्टरवाले प्लग, संगीतासाठी मिळतात ते, फोमचे नाही. हे मी हात जोडून सांगते. तांबोरिमचा आवाज बारीक आणि धारदार, शेजारी दहा जण वाजवत असतात, आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही. पथकात आपण कापूस कोंबायचो, तेवढं पुरत नाही. त्यानंतर स्वतःची काठी आणि चांगला रुंद पट्टा. तांबोरिम घ्यायचंच असेल तर कॉन्तेम्पोरानिया किंवा गोपे अशा ब्राझिलियन कंपन्यांची युरोपात मिळतात. सुर्दोची पानं बकऱ्याच्या कातड्याची असतात किंवा प्लॅस्टिकवर कापडासारखा थर असलेली, त्याला नापा म्हणतात. कातड्याचा आवाज गोड, पण पाऊस आला की सैल पडतं, आणि तिकडचा उन्हाळा म्हणजे पाऊसच, तेव्हा बाहेर वाजवायला नापा.

खांद्याचं. थोडा भरून येणं सगळ्यांचं होतं, पण नेमका एकाच जागी, रोज, रात्री झोपेत दुखत असेल तर ते सगळ्यांचं नाही, फिजिओला दाखव. तांबोरिममधे बहुतेक वेळा चूक ही असते की वाद्य धरलेला हात छातीसमोर हवेत ताठ ठेवतात. कोपर अंगाजवळ आण, वाद्य खाली पोटाच्या वर आण, फिरवणं मनगटातून. सुर्दोला पट्टा एका खांद्यावरून असतो, तो मानेला ओढतो, म्हणून कमरेला बांधायचा पट्टा माग. ढोल कमरेला कसा घट्ट बांधायचो आठव, वजन हाडांवर गेलं पाहिजे, स्नायूंवर नाही. आणि बांधल्यावर वाद्य मांडीवर आपटत असेल तर दोन बोटं वर घे, नाहीतर तीन तासांच्या परेडनंतर मांडी काळीनिळी होते.

कोबुर्ग हे गाव जर्मनीतच आहे, तिथे 1992 पासून दर जुलैमधे मोठं सांबा फेस्टिव्हल भरतं, सगळ्या गावाच्या रस्त्यांवर बँड. या वर्षी नुसती बघायला जा, वाजवायला नको. एखादा चांगला बँड निवड आणि प्रिमेइरावाल्याच्या शेजारून त्यांच्याबरोबर चालत राहा, अर्धा तास, फोन खिशात.

मंगळवारी डायरेक्टरला काय सांगायचं ते तुझ्या शब्दात सांग, पण सेगुंदा माग, आणि पहिल्या दिवशी प्रिमेइरावाल्याच्या समोर तोंड करून उभी राहा, त्याची काठी खाली येताना तुझा तळहात पानावर टेकला पाहिजे. तीन महिन्यांनी परत लिही, तेव्हा तेर्सेइराचे हात सांगते.